अर्ध्या किलोमीटरची जबाबदारी

आमच्या भागातल्या एका चौकात पादचाऱ्यांसाठीचा हिरवा दिवा चौदा सेकंद लागायचा. हा आकडा एका निवृत्त शिक्षिकेने मोजून काढला. आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. सकाळी दूध आणायला जाताना त्या चौकात थांबल्या, मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावलं आणि सलग दहा वेळा वेळ घेऊन वहीत लिहिली. मग घरी येऊन त्यांनी सोसायटीच्या आवारात टेपने चोवीस मीटर आखले, कारण रस्ता तेवढा रुंद होता, आणि नेहमीच्या चालीने ते अंतर चालून पाहिलं. बाईंचं वय त्र्याहत्तर, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना तीस सेकंद लागले. म्हणजे दिवा लाल होतो तेव्हा बाई रस्त्याच्या मध्यावरही पोचलेल्या नसतात.

सिग्नलच्या वेळा ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. त्या हिशेबाने चोवीस मीटरला वीस सेकंद लागतात. धडधाकट तरुणालाही तो दिवा पुरत नव्हता आणि तरी वर्षानुवर्षं तो तसाच चालू होता. रोज हजारो माणसं तिथून धावत रस्ता ओलांडत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच जरा हळू चालतो.

या पुस्तिकेची सुरुवात बाईंच्या त्या वहीतून झाली. आपल्या गल्लीतला, वस्तीतला, शाळेपर्यंतचा रस्ता पायी आणि सायकलने जाण्याजोगा व्हावा म्हणून माणसं एकत्र येतात तेव्हा काय करतात, काय केल्याने काम होतं आणि कुठे वर्षं वाया जातात, याच्या नोंदी पुढच्या पानांत आहेत. त्या नोंदी करणारे कुणी वाहतूकतज्ज्ञ नाहीत. मीही नाही. गेली बारा-तेरा वर्षं अशा गटांबरोबर मी टेप धरून रस्त्यावर हिंडले आहे, आणि प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच.

रिक्षाचालकांची संघटना असते, ट्रकमालकांची असते, व्यापाऱ्यांची असते. एखाद्या रस्त्यावरचं पार्किंग काढायचं म्हटलं की दुसऱ्या दिवशी पन्नास माणसं निवेदन घेऊन दारात उभी राहतात. चालणाऱ्यांचं निवेदन कोण नेणार? चालतो तर प्रत्येक जण. बसने जाणारा थांब्यापर्यंत चालतो, मोटारवालासुद्धा गाडी लावून दुकानापर्यंत चालतो. पण ‘मी पादचारी’ अशी ओळख कुणी सांगत नाही. दुचाकी घेतली की आपण त्या यादीतून सुटलो असं माणसाला वाटतं. आणि जे सगळ्यात जास्त चालतात, चार घरची कामं करणारी बाई, बांधकामावरचे मजूर, गाडी परवडत नाही म्हणून स्टेशनपासून तीन किलोमीटर पायी येणारा विद्यार्थी, त्यांना बैठकीला यायला वेळ नसतो. सगळ्यांचा प्रश्न असल्यामुळे तो कुणाचाच उरत नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे की चालणाऱ्यांना एकत्र आणायचं तर ते जागेच्या धाग्याने आणावं लागतं. एक रस्ता घ्यायचा, त्यावरचा अर्धा किलोमीटर ठरवायचा आणि त्याची जबाबदारी आठ-दहा माणसांनी घ्यायची. ‘शहर चालण्याजोगं करा’ म्हणत सभा घेणारे गट मी दोन वर्षांत विरलेले पाहिले आहेत. दवाखान्यापासून भाजी मंडईपर्यंतचा एक पदपथ धरून बसलेले गट टिकले.

चालण्याचं संघटन आपल्याला नवं नाही. आळंदीहून पंढरपूरला जाणारी माउलींची पालखी अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हैबतबाबा आरफळकरांनी त्या सोहळ्याला जी शिस्त लावली ती आजही दिसते. लाखोंचा तो समुदाय प्रत्यक्षात लहान लहान दिंड्यांचा असतो. रथाच्या पुढे आणि मागे क्रमांकाने चालणाऱ्या दिंड्या, प्रत्येकीचा आपला वीणेकरी, आपले तंबू, आपलं पाणी, आपला स्वयंपाक. मुक्कामाला समाज आरती होते तेव्हा चोपदार चोप उंचावतो आणि सगळे टाळ थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, ऐकून घेतो, आणि त्यानंतरच आरती पुढे सरकते. तक्रार मांडण्याची इतकी साधी आणि इतकी सभ्य रीत मला दुसरीकडे कुठे आढळली नाही. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली, तेव्हा त्या महामार्गांच्या आराखड्यात वारकऱ्यांना चालण्यासाठी दोन्ही बाजूंना वेगळी वाट धरलेली होती. जिथे चालणारे संख्येने आणि शिस्तीने दिसतात तिथे आराखड्यात त्यांची जागा निघते. आपल्या नेहमीच्या रस्त्यांवर चालणारे तितकेच आहेत, फक्त ते एकेकटे चालतात.

नेदरलँड्सचं उदाहरण इथे द्यावंच लागतं, आणि जरा सविस्तर, कारण त्याबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. ‘ते लोक पहिल्यापासूनच सायकलवाले, त्यांचा देश सपाट, त्यांची संस्कृती वेगळी,’ असं आपल्याकडे बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातही मोटारी झपाट्याने वाढल्या. जुन्या शहरांतून रुंद रस्ते काढण्यासाठी घरं पाडली गेली, चौकांचे वाहनतळ झाले, सायकलींची संख्या वर्षागणिक घटत गेली. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या थोडी वर होती.

त्या मुलांतली एक विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी होती. १९७२ साली त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात एक दबावगट काढण्याची हाक दिली. गटाचं नावच त्याने सुचवलं, ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांचे खून थांबवा. नाव कठोर होतं, पण अपघात हा शब्द त्याला मान्य नव्हता. रस्ता ज्या पद्धतीने बांधला त्या पद्धतीमुळे मुलं मरत होती आणि रस्ता बांधणारी माणसंच होती.

पुढे जे घडलं ते आपण नीट पाहिलं पाहिजे. गटाची पहिली अध्यक्ष मार्ट्ये व्हान पुटेन ही तेव्हा एक तरुण आई होती. पुढे ती युरोपीय संसदेची सदस्य झाली. या लोकांनी मुलांना घेऊन सायकलफेऱ्या काढल्या, जिथे मुलं दगावली होती त्या जागा अडवल्या, गल्ल्या काही तास बंद करून मुलांना खेळायला सोडलं. अॅमस्टरडॅमच्या दे पाइप या दाट वस्तीतल्या मुलांनी तर १९७२ साली आपली गल्ली स्वतःच अडवली. पुढे गटाच्या लोकांनी पंतप्रधान योप डेन उइल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हणत मागण्या मांडल्या, आणि पंतप्रधान बाहेर येऊन त्यांच्याशी बोलले. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलटंचाईमुळे सरकारने मोटारबंद रविवार जाहीर केले. रिकामे रस्ते कसे असतात ते नव्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं.

आंदोलन एवढ्यावर थांबलं असतं तर आज त्याची आठवणही राहिली नसती. सरकारने या गटाला अनुदान दिलं, एका जुन्या दुकानात त्याचं कार्यालय सुरू झालं आणि तिथे सुरक्षित वस्तीच्या कल्पना कागदावर उतरू लागल्या. डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी आणि पालिकेच्या रचनाकारांनी मिळून गल्ल्यांना ‘वोनएर्फ’चं रूप दिलं. शब्दशः अर्थ राहतं अंगण: झाडं, बाकं, वळणं अशी मांडलेली की मोटारीला चालत्या माणसाच्या वेगानेच यावं लागतं. १९७६ साली त्याला कायद्यात स्थान मिळालं. १९७५ साली सायकलस्वारांची देशव्यापी संघटना निघाली. तिच्या गावोगावच्या शाखा अडचणीच्या जागांची यादी करत, ती पालिकेपुढे ठेवत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच यादी घेऊन जात. हेग आणि टिलबर्ग इथे एकेक झगझगीत सायकलमार्ग बांधून पाहिला. हेगमध्ये व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. एकाच मार्गाने फारसं बदलत नाही, घरापासून शाळेपर्यंत सलग जाळं लागतं, हा धडा त्यातून मिळाला. आज त्या देशात रस्त्यांवर वर्षाला सातशेच्या आसपास माणसं दगावतात आणि लोकसंख्या पावणेदोन कोटींवर गेली आहे. या आकड्यांमागे पन्नास वर्षांच्या याद्या आहेत.

पुण्यात याद्या करणारे कमी नाहीत. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव दुचाकींनी कधी गिळलं ते कळलंही नाही. पण इथे सुजित पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘परिसर’ ही संस्था १९८० च्या दशकापासून रस्ते मोटारींसाठी की माणसांसाठी हा प्रश्न विचारत आली आहे. ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’ आणि ‘सेव्ह पुणे ट्रॅफिक मूव्हमेंट’ हे गट पुढे त्यात आले. रस्त्याचं नियोजन करताना वाहनांआधी माणसांच्या ये-जा करण्याचा विचार व्हावा, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात आलं. पुण्याने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारलं, त्याच सुमारास रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने एकात्मिक सायकल आराखडा मंजूर केला. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं त्यात आखलेलं आहे. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ रुंद झाले, तिथे म्हातारी माणसं बाकावर बसू लागली आणि मुलं खेळू लागली. औंधच्या डीपी रस्त्यावर पक्कं बांधकाम करण्याआधी तात्पुरती मांडणी करून पाहिली, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. चूक झाली तर ती रंगात आणि प्लास्टिकच्या खांबांत होते, काँक्रीटमध्ये होत नाही.

तरीही कागद पुढे आणि रस्ता मागे अशी अवस्था आहे. महर्षी कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवून हिंगण्याच्या आश्रमात पायी जायचे, चिखलातून, काट्यांतून, रोज. त्यांचं नाव दिलेला रस्ता आज उड्डाणपूल आणि मेट्रोच्या खांबांखालून जातो, आणि तो ओलांडायला उभी असलेली माणसं पाहिली की मला त्या पायवाटेची आठवण येते. ती वाट अवघड होती, पण तिच्यावर कर्व्यांना जिवाची भीती नव्हती.

चांगलं धोरण असून रस्ता का बदलत नाही, याचं उत्तर मला एका सकाळी टेप धरून मिळालं. पदपथ सहाशे मीटरचा होता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मानकांत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं सांगितलं आहे. आमच्या पदपथाची नकाशातली रुंदी दोन मीटर होती. पहिल्याच डीपीपाशी, म्हणजे विजेच्या पेटीपाशी, भिंत आणि पेटी यांच्यामध्ये ७० सेंटिमीटर उरले. पुढे झाडाभोवतीचा कट्टा. मग जाहिरातीचा खांब. कडेची उंची एका जागी २९ सेंटिमीटर भरली. बरोबरच्या एका आजींनी तिथे माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने गुडघा उचलून पाय वर घेतला. आणि दर सोसायटीच्या फाटकापाशी पदपथ खाली उतरत होता, गाडी आत जावी म्हणून, आणि लगेच पुन्हा चढत होता. सहाशे मीटरमध्ये आम्ही तेवीस फाटकं मोजली. म्हणजे सेहेचाळीस चढ-उतार. आजी शेवटी रस्त्यावर उतरल्या आणि वाहनांच्या कडेने चालू लागल्या. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला शिस्त नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा गुडघेदुखीच्या माणसाबरोबर तो पदपथ चालून पाहावा.

यातली डीपी वीज कंपनीची, झाड उद्यान विभागाच्या अखत्यारीत, खांबाचा परवाना तिसऱ्याचा, पदपथ पथ विभागाचा, सिग्नल वाहतूक शाखेचा. आराखडा शहराचा असतो पण अडथळा दर दहा मीटरवर असतो आणि प्रत्येकाचा मालक निराळा असतो. तो मालक शोधायचा, त्याच्या दारात जायचं, आवक-जावक टेबलावर अर्ज देऊन पोच घ्यायची, तीस दिवसांनी परत जायचं. हे काम शहरव्यापी संस्था सगळीकडे करू शकत नाही. त्या रस्त्यावर राहणाराच ते करू शकतो.

बाईंनी तेच केलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्रासोबत त्यांनी वहीतली पानं जोडली. तिसऱ्या खेपेला आम्ही सात जण गेलो. एका अधिकाऱ्याने आम्हाला दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, तिथून पुन्हा पहिल्याकडे. मार्च २०२२ नंतर बराच काळ महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते, त्यामुळे नेहमीचं दारही बंद होतं. शेवटी एका कनिष्ठ अभियंत्याने बाईंबरोबर चौकात येऊन स्वतः वेळ घेतली. त्याला पटलं. दिवा आता अठ्ठावीस सेकंद लागतो. त्याला दोन वर्षं आणि अकरा अर्ज लागले. या पुस्तिकेत त्या अकराही अर्जांचा मजकूर दिला आहे, कारण पहिला आणि अकरावा यांत जो फरक आहे तो वाचून शिकण्यासारखा आहे. पहिल्यात संताप आहे, अकराव्यात आकडे आहेत.

गट बांधताना होणाऱ्या चुकांविषयी लिहिणं मला जास्त गरजेचं वाटतं. आपले गट बहुतेक निवृत्त आणि सुस्थितीतल्या माणसांचे असतात. वेळ त्यांच्यापाशी असतो. त्यात काही वावगं नाही. पण मग गटाला दिसतं ते त्यांच्या डोळ्यांना दिसेल तेवढंच. एका गटाने सायकलमार्गाची मागणी करायचं ठरवलं. सगळे रविवारी पहाटे हेल्मेट घालून चाळीस किलोमीटर मारणारे. मी म्हटलं, आपल्या सोसायटीचा रखवालदार रोज सायकलने येतो, त्याला बोलावू. तो आला, हँडलला डबा तसाच लटकत होता. रंगवलेला सायकलमार्ग हवा का, असं विचारल्यावर तो काही बोलला नाही. मग आम्हाला बाहेर घेऊन गेला आणि रस्त्याच्या कडेची पावसाळी चेंबरची लोखंडी जाळी दाखवली. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने लांब होत्या. सायकलचं चाक बरोबर त्या फटीत जातं. पावसात पाणी साचलं की जाळी दिसत नाही. तो दोनदा पडला होता. मोटारीच्या रुंद चाकाला ती फट जाणवतही नाही, म्हणून ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. जाळ्या काढून आडव्या बसवायला महापालिकेच्या माणसांना एक दुपार लागली, आणि त्या रस्त्यावर सायकलवाल्यांसाठी झालेलं ते सगळ्यात मोठं काम होतं. तेव्हापासून माझा आग्रह असतो की गटाच्या पहिल्या फेरीत रोज कामासाठी सायकल चालवणारा एक तरी माणूस हवा, एक वयस्क, एक लहान मूल आणि शक्य तर चाकाची खुर्ची वापरणारं कुणी. त्यांच्या सोयीची वेळ धरून फेरी ठेवावी, आपल्या सोयीची नव्हे.

दुसरी चूक पथारीवाल्यांना शत्रू ठरवण्याची. पदपथ मोकळा करा म्हटलं की पहिली गाडी येते ती अतिक्रमण विभागाची, आणि ती उचलते भाजीवालीची टोपली. उभ्या मोटारीला बारा चौरस मीटरच्या आसपास जागा लागते, हातगाडीला जेमतेम दोन. रात्री नऊ वाजता एकटीने चालणाऱ्या मुलीला रस्त्यावर दिवा लावून बसलेला भुर्जीवाला हवासा वाटतो. बंद मोटारींची रांग तिला धीर देत नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, त्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघटनांच्या प्रतिनिधींनाही जागा आहे. तिथे बसून पदपथ आणि टपरी यांची मांडणी एकत्र ठरवता येते. हे न करता विक्रेते हटवून मिळवलेला पदपथ महिन्याभरात दुचाकींचं पार्किंग होतो, हे मी एकदा नव्हे तर चार ठिकाणी पाहिलं.

गट सायकलीच्या नावानेच निघायला हवा असंही नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेची मोहीम चालू होती, ‘अरिवोळी इयक्कम’. तिच्यात कार्यकर्त्यांनी आणि तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग केला. बाईला अक्षर आलं पण गावाबाहेर पडता आलं नाही तर उपयोग काय, असा तो विचार. बायकांना सायकलसाठी कर्ज मिळावं म्हणून बँकांना राजी केलं गेलं. पी. साईनाथ यांनी याविषयी लिहिलं आहे. जिल्ह्यातल्या एक लाखाच्या आसपास ग्रामीण बायका सायकल चालवू लागल्या आणि त्यांतल्या सत्तर हजारांहून जास्त जणींनी जाहीर कार्यक्रमांत सायकली चालवून दाखवल्या. बायकांच्या सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त आवडल्या. खदानीतल्या मजूर, अंगणवाडी सेविका, परिचारिका, सगळ्या त्यात होत्या. त्यांना रस्ता कुणी नव्याने बांधून दिला नव्हता. बाई सायकलवर दिसणं हेच आधी रस्त्यावर आणावं लागलं, आणि ते एकटीला जमलं नसतं. एकटी सायकलवर निघाली तर गाव हसतं. चाळीस जणी निघाल्या तर गाव वाट देतं.

बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्यामुळे माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगे-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत मुलींना सायकली मिळतात. सायकल मिळाली, पण रस्त्याची साइडपट्टी उखडलेली आणि मागून उसाची ट्रॉली येते. या प्रश्नावर एखाद्या गावच्या बचत गटाने ग्रामसभेत ठराव आणला तर तेही याच पुस्तिकेतलं काम आहे. शहराबाहेरच्या नोंदी इथे कमी आहेत याची मला खंत वाटते.

रस्ते काही तास मोटारींना बंद करून लोकांना मोकळे देण्याचे उपक्रम आता सर्वांना माहीत आहेत. बोगोटात १५ डिसेंबर १९७४ रोजी सायकलप्रेमी नागरिकांनी पहिल्यांदा ते केलं आणि आज तिथे दर रविवारी शंभर किलोमीटरहून जास्त रस्ते मोकळे असतात. गुरगावमध्ये नोव्हेंबर २०१३ पासून राहगिरी सुरू झाली. पुण्याने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळला. अशा दिवशी मुलं रस्त्याच्या मधोमध खडूने चित्रं काढतात, आणि ते पाहताना मला भरून येतं. पण नुसत्या उत्सवाने पदपथ होत नाही. त्या दिवशी मंडप घालताना एका टेबलावर वही आणि टेप ठेवा, एवढंच मी सांगते.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मरण पावली. त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्याविना पदपथ वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हा निकाल आता आपल्या प्रत्येक अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात असला पाहिजे. नमुना पुढे दिला आहे.

पैशाचं दारही उघडं आहे. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची सोय आहे. आपल्या प्रभागातल्या लहान कामांची सूचना कुणीही साध्या अर्जावर देऊ शकतो. ती प्रभाग समितीपुढे जाते आणि मंजूर झाली तर पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येते. पदपथ दुरुस्ती, उतार, बाक, दिवे अशी कामं त्यात बसतात. दर वर्षी मुदत संपल्यावर लोक मला फोन करून विचारतात. सूचना मागवल्याची जाहिरात आली की त्याच आठवड्यात अर्ज द्या, रस्त्याचं नाव, कुठल्या घर क्रमांकापासून कुठपर्यंत आणि किती मीटर हे लिहून द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.

पुस्तिकेच्या शेवटची सोळा पानं चौकटींची आहेत आणि ती कोरी ठेवली आहेत. आपल्या घरापासून सगळ्यात जवळची शाळा किंवा दवाखाना निवडा, तिथपर्यंतच्या वाटेवर दर दहा मीटरला पदपथाची रुंदी आणि कडेची उंची लिहा, चौकातल्या दिव्याची वेळ लिहा, चेंबरच्या जाळ्या कुठल्या दिशेने आहेत ते लिहा. दोघांनी मिळून केलं तर एक सकाळ पुरते. पाच मीटरची टेप हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळते.